परदेशात इंग्रजी शिकवायला जायचंय? सुरुवात कोर्सपासून नको, देशापासून करा

परदेशात जाऊन इंग्रजी शिकवावं असं मनात आलं की बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात एक ऑनलाइन कोर्स विकत घेतात. १२० तासांचा, सवलतीत मिळणारा, शेवटी छापील प्रमाणपत्र देणारा. माझं कळकळीचं सांगणं आहे की तो कोर्स आज घेऊ नका. भारतीय पासपोर्टवर इंग्रजी शिकवायला जाता येतं आणि आपली माणसं जातातही. पण देश ठरल्याशिवाय कोणता कागद लागेल, तो कुठून प्रमाणित करून घ्यावा लागेल आणि कोणती परीक्षा द्यावी लागेल, यातलं काहीच ठरत नाही. साधा पोलिस क्लिअरन्सचा दाखला घ्यायचा तरी अर्जात देशाचं नाव भरावं लागतं.

हा लेख पदवी हातात असलेल्या, शिकवायची मनापासून इच्छा असलेल्या, पण परदेशी नोकरीची काहीच माहिती नसलेल्यांसाठी आहे. थायलंडबद्दल मी जास्त लिहिणार आहे. बी.एड. नसलेल्या भारतीय पदवीधराला सरळ मार्गाने वर्गात उभं राहता येईल अशा मोजक्या देशांत तो येतो, आणि तिथली व्हिसा-परवान्याची साखळी एकदा समजली की इतर देशांचे नियमही वाचता येऊ लागतात.

पहिली पायरी: आपला पासपोर्ट कुठे चालतो ते बघा

ही गोष्ट कोर्स विकणारे सांगत नाहीत, म्हणून आधी सांगतो. अनेक देशांत इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा तुमचं इंग्रजी किती चांगलं आहे यावर नाही, तर तुम्ही कोणत्या देशाचे नागरिक आहात यावर मिळतो.

दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकांचा ई-२ व्हिसा इंग्रजीसाठी मुळात सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत आणि कोरिया यांच्यातला आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला आणि त्यातून भारतीयांसाठी एक फट उघडली. पण त्यासाठी इंग्रजी विषयातली पदवी आणि शिक्षक म्हणून पात्रता, दोन्ही हवं. एम.ए. इंग्रजी आणि बी.एड. झालेल्यांनी याची चौकशी जरूर करावी. कॉमर्स किंवा इंजिनीअरिंगच्या पदवीवर हे दार उघडणार नाही.

जपानचा नियम वेगळा आहे आणि आपल्याकडच्या वाचकांनी तो नीट समजून घ्यायला हवा. शाळांत भाषा शिकवणाऱ्यांना जो 'इन्स्ट्रक्टर' हा व्हिसाचा दर्जा मिळतो, त्यासाठी पदवी लागतेच. शिवाय जी भाषा शिकवायची त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून बारावी आणि पुढे इंग्रजीतून पदवी झाली असेल तर ते कागदावर दाखवता येतं. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि नंतर इंग्रजीतून बारावी व पदवी, असा प्रवास असेल तर वर्षं भरत नाहीत. मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी जणांचं इंग्रजी उत्तम असतं आणि शिकताना आपण स्वतः कुठे अडखळलो हे आठवत असल्याने ते शिकवतातही छान. नियमाला ते दिसत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण अर्ज करण्यापूर्वी हे माहीत असलेलं बरं.

चीनमध्येही मूळ नियम मातृभाषा इंग्रजी असलेल्या देशांच्या नागरिकांना धरूनच आहे. आखातात चित्र उलटं आहे. तिथे सीबीएसईशी संलग्न भारतीय शाळा आहेत आणि भारतीय शिक्षकांना मागणी आहे, पण बी.एड. आणि शिकवण्याचा अनुभव याशिवाय पुढे सरकता येत नाही. व्हिएतनाममध्ये पदवी, अध्यापनाचं प्रमाणपत्र आणि भाषेवरच्या प्रभुत्वाचा पुरावा, तिन्ही लागतं. तिथले वर्क परमिटचे नियम ऑगस्ट २०२५ मध्ये नव्याने आले, त्यामुळे त्याआधी लिहिलेला सल्ला वाचून तयारीला लागू नका.

थायलंडमध्ये कोणत्याही शाखेची पदवी चालते, माध्यमाची अट नाही, आणि मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांकडून परीक्षेतले गुण मागतात. टोइक परीक्षेत ६०० गुण ही सर्रास विचारली जाणारी किमान पातळी आहे. बऱ्याच शाळा त्याऐवजी आयईएलटीएसचे गुण धरतात. दोन्ही परीक्षांचे गुण दोन वर्षं ग्राह्य असतात, म्हणून नोकरी शोधायला लागण्याच्या थोडं आधी परीक्षा द्या, फार आधी नको.

दुसरी पायरी: पदवी आणि नाव

पदवी म्हणजे पदवीदानानंतर मिळालेलं मूळ प्रमाणपत्र. तात्पुरतं प्रमाणपत्र किंवा शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका यावर काम भागत नाही. पदवीदानाचा अर्ज भरायचा राहिला असेल तर आज भरा. त्याचबरोबर विद्यापीठाकडे ट्रान्सक्रिप्टचा अर्ज करा, म्हणजे सगळ्या सत्रांचे गुण एकत्र दाखवणारा, विद्यापीठाच्या शिक्क्याचा कागद. याला वेळ लागतो, आणि कॉलेज बंद झालं असेल किंवा जुन्या गुणपत्रिका हरवल्या असतील तर आणखी लागतो.

आता नावाचा प्रश्न. महाराष्ट्रातल्या माणसांना तो जितका छळतो तितका फारच थोड्यांना छळत असेल. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पदवीवर विद्यापीठानुसार आणखी वेगळी मांडणी. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचं व वडिलांचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईच्या पदवीवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं. शिवाय स्पेलिंग: एका कागदावर 'देशमुख'च्या शेवटी एच आहे, दुसऱ्यावर नाही. आपल्याला हे सगळं एकाच माणसाचं नाव आहे हे दिसतं. बँकॉकमधल्या शाळेच्या ऑफिसात बसलेल्या बाईंना ते दिसण्याचं काही कारण नाही.

म्हणून सगळे कागद टेबलावर शेजारीशेजारी मांडा आणि अक्षर न् अक्षर जुळवून बघा. फक्त क्रम वेगळा असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून जवळ ठेवा. स्पेलिंग चुकलं असेल तर बोर्डाकडून किंवा विद्यापीठाकडून दुरुस्त करून घेणं हाच पक्का उपाय. नाव खरोखरच बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नोंद आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागेल. हे काम अटेस्टेशनच्या, म्हणजे कागदांवर सरकारी शिक्के घेण्याच्या, आधी उरका. नंतर दुरुस्ती केली तर सगळे शिक्के पुन्हा पहिल्यापासून.

जपानसारख्या देशाचा विचार असेल तर शाळेकडून आणि कॉलेजकडून माध्यमाचा दाखला लेटरहेडवर घ्या. मुख्याध्यापक बदललेले असले तरी हरकत नाही, जनरल रजिस्टरवरून तो देता येतो.

पासपोर्टच्या शेवटच्या पानावर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असा शेरा आहे का तेही बघून घ्या. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली १८ देशांत नोकरीला जाताना हा शेरा आड येतो, आणि त्या यादीत आखाती देशांबरोबर थायलंड, मलेशिया, इंडोनेशियाही आहेत. दहावी पास असलेल्याला शेरा नसलेला पासपोर्ट मिळतो. लहानपणी काढलेल्या पासपोर्टवर तो राहून गेला असेल तर दहावीचं प्रमाणपत्र देऊन नवा घ्या.

तिसरी पायरी: शिक्क्यांची साखळी

परदेशी शाळा आपल्या विद्यापीठाची सही ओळखत नाही. मग भारतातलं एक कार्यालय विद्यापीठाची सही खरी असल्याचं सांगतं, त्याच्या वरचं कार्यालय त्या कार्यालयाची सही खरी असल्याचं सांगतं, आणि शेवटी असा शिक्का बसतो जो तिकडचं सरकार मानतं. महाराष्ट्रातल्या शैक्षणिक कागदांसाठी राज्याची पायरी मुंबईत मंत्रालयात, त्यानंतर दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय. परराष्ट्र मंत्रालय हे अर्ज नेमलेल्या सेवा संस्थांमार्फत घेतं. परराष्ट्र मंत्रालयाची स्वतःची अपोस्टिलची (करारातल्या सगळ्या देशांत चालणाऱ्या शिक्क्याची) फी एका कागदाला ५० रुपये आहे, बाकीचं सगळं सेवाशुल्क आणि कुरिअर. एखादा एजंट काही हजार सांगत असेल तर त्यातले किती कशाचे हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

इथून पुढे वाट दोन ठिकाणी फुटते. अपोस्टिल कराराचे सदस्य असलेल्या देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल हा शेवटचा शिक्का. भारत या करारात २००५ पासून आहे. जपान, दक्षिण कोरिया, ओमान, बहारीन आहेत, आणि सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ पासून आला. संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत यांच्यासाठी मात्र मंत्रालयानंतर त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का लागतो आणि तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचाही. थायलंडसाठीही आतापर्यंत दूतावासाची वाटच चालत आली आहे. तुमच्या देशाला कोणती वाट लागू आहे हे अर्जाच्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा, कारण करारात नवे देश येत असतात.

एक बारीक गोष्ट, जिच्यावर लोकांचे बरेच पैसे जातात. भारतीय परराष्ट्र मंत्रालय फक्त भारतात दिलेल्या कागदावर शिक्का मारतं. घरी बसून केलेल्या कोर्सचं प्रमाणपत्र ब्रिटनमधल्या संस्थेने दिलं असेल तर त्याचा अपोस्टिल ब्रिटनमध्येच होणार. कोर्स निवडताना हे लक्षात ठेवा.

पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं, फी ५०० रुपये. गेल्या काही वर्षांत पत्ता बदलला असेल तर पोलिस पडताळणी पुन्हा होते. परदेशात हा दाखला साधारण सहा महिन्यांच्या आतला मागतात, म्हणून तो सगळ्यात शेवटी, नोकरी पक्की होत आली की काढा.

चौथी पायरी: आता कोर्स

शिकवण्याच्या कोर्सचे ढोबळ तीन थर आहेत.

सर्वांत वर केंब्रिजचा सेल्टा आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनचा सर्ट-टेसॉल. दोन्हींत खऱ्या विद्यार्थ्यांना सहा तास शिकवावं लागतं आणि प्रशिक्षक मागे बसून प्रत्येक तासाचं मूल्यमापन करतात. सेल्टाला प्रवेश घेण्यापूर्वी लेखी काम आणि मुलाखत होते आणि इंग्रजी सी-१ या वरच्या पातळीचं असावं लागतं. पूर्णवेळ केला तर चार-पाच आठवड्यांत होतो, पण त्या आठवड्यांत दुसरं काहीही होत नाही. ऑनलाइनही करता येतो. पैसे जमत असतील आणि हे काम काही वर्षं करायचं असेल तर मी हाच सुचवेन. ज्याने कधी वर्गात पाऊल ठेवलेलं नाही त्याला पुढचं दशकभर पुरेल इतकं तो शिकवतो: फळ्यावर काय लिहायचं, आपण किती कमी बोलायचं, विद्यार्थ्याची चूक कधी सुधारायची आणि कधी सोडून द्यायची.

दुसरा थर आपल्याकडचा आणि त्याची चर्चा फारच कमी होते. हैदराबादच्या इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठाचे इंग्रजी अध्यापनाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. १९५८ साली सुरू झालेली ही संस्था इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठीच उभी राहिली. इथलं प्रमाणपत्र भारतातलं असल्याने त्याचं अटेस्टेशन भारतातच होतं. आखाताचा विचार असेल तर मात्र बी.एड.ला पर्याय नाही. सीईटी देऊन दोन वर्षं घालवावी लागतात, पण ती पुढे भारतातही कामी येतात.

तिसऱ्या थरात ते १२० तासांचे ऑनलाइन कोर्स. ते सगळेच वाईट नसतात. पण 'टेफल' किंवा 'टेसॉल' (दोन्हींचा अर्थ परभाषिकांना इंग्रजी शिकवणं) हे नाव वापरायला कुणाची परवानगी लागत नाही आणि त्यांना मान्यता देणारी एकच अशी सरकारी संस्था नाही. थायलंडमध्ये कायद्याने लागते ती पदवी. टेफल ही शाळेची पसंती असते. म्हणून आधी तीन-चार शाळांच्या जाहिराती वाचा, त्या काय मागतात ते बघा आणि मगच पैसे भरा.

कोणताही कोर्स करा, पण जाण्यापूर्वी इथे थोडं शिकवून बघा. नगरपालिकेच्या शाळेत, एखाद्या सेवाभावी संस्थेच्या संध्याकाळच्या वर्गात, गल्लीतल्या मुलांना. मुलाखतीत दाखवायला अनुभव होतो, आणि हे काम आपल्याला झेपतं का, हे तिकीट काढण्यापूर्वी कळतं.

पाचवी पायरी: नोकरी आणि मधली माणसं

थायलंडचं शालेय वर्ष मेच्या मध्यात सुरू होऊन मार्चपर्यंत चालतं. सर्वांत जास्त भरती मार्च-एप्रिलमध्ये होते आणि दुसरं सत्र सुरू होण्याआधी ऑक्टोबरमध्ये थोडी. जानेवारीत कागद तयार असतील तर वेळ बरोबर जुळते.

पगाराबद्दल स्पष्ट सांगायला हवं. एकाच शाळेत ब्रिटिश शिक्षकाला एक पगार आणि भारतीय किंवा फिलिपिनो शिक्षकाला कमी पगार, असं घडतं. हे अन्यायाचं आहे. माहीत असेल तर निदान घासाघीस करता येते. करारात हे बघा: पगार १२ महिने मिळणार की १०, सुट्टीचे महिने कोरडे जाणार का, आठवड्याला तास किती, वर्क परमिटचा खर्च कोण करणार, आणि करार थेट शाळेशी आहे की पुरवठादार कंपनीशी.

भारतातला एजंट गाठलात तर तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते स्वतः शोधा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. थायलंडच्या बाबतीत आणखी सावध राहा. तिथल्या नोकरीच्या आमिषाने भारतीय तरुणांना म्यानमारच्या सीमेपलीकडे सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेल्याच्या घटना घडल्या आणि परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. ती आमिषं प्रामुख्याने आयटीच्या नोकऱ्यांची होती, पण खूण तीच: मुलाखत नावापुरती, पगार भरमसाट, आणि 'टुरिस्ट म्हणून या, बाकी आम्ही बघतो'. शाळेचं नाव मिळालं की नकाशावर शाळा शोधा, मुख्य कार्यालयाला स्वतः फोन करा आणि तिथे आधीपासून शिकवणाऱ्या एखाद्या परदेशी शिक्षकाशी बोलायची विनंती करा. चांगली शाळा नाही म्हणत नाही.

सहावी पायरी: व्हिसा वेगळा, वर्क परमिट वेगळं

नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. व्हिसा देशात राहू देतो. काम करू देतं ते वर्क परमिट. थायलंडमध्ये शिक्षकाला याशिवाय तिसरी परवानगीही लागते, शिकवण्याची. तीन परवानग्या, तीन वेगळी खाती.

निघण्यापूर्वी नॉन-इमिग्रंट बी व्हिसा घ्यायचा. अर्ज थायलंडच्या ई-व्हिसा संकेतस्थळावर होतो आणि महाराष्ट्र-गोव्याचे अर्ज मुंबईतल्या थाई वाणिज्य दूतावासाकडे जातात. तुमच्या पदवी आणि पोलिस क्लिअरन्सबरोबर शाळेचं नेमणूक पत्र, शाळेचा परवाना आणि तिकडच्या शिक्षण खात्याचं पत्र लागतं. म्हणजे अर्धे कागद शाळेने पाठवायचे असतात. जी शाळा ते वेळेवर पाठवत नाही ती पुढेही असंच करेल असं धरून चाला.

हा व्हिसा ९० दिवस राहू देतो. त्या मुदतीत शाळा कामगार खात्याकडून तुमचं वर्क परमिट काढते. त्यासाठी थाई डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, ज्यात क्षयरोग, कुष्ठरोग, हत्तीरोग, सिफिलिसची वाढलेली अवस्था, अंमली पदार्थांचं आणि दारूचं व्यसन नसल्याचं लिहिलेलं असतं. बी.एड. नसलेल्यांसाठी शाळा थायलंडच्या शिक्षक परिषदेकडे, म्हणजे खुरुसफाकडे, तात्पुरत्या परवानगीचा अर्ज करते. ती दोन वर्षांची असते. ती कायमची नाही, म्हणून तिथे राहायचं ठरलं तर पुढची पात्रता मिळवायची तयारी पहिल्या वर्षीच सुरू करा. हे सगळं झालं की इमिग्रेशन कार्यालय मुक्काम करारापुरता, जास्तीत जास्त एक वर्षाने वाढवतं. त्याची फी १,९०० बाट.

भारतीयांना पर्यटक म्हणून थायलंडमध्ये सहज जाता येतं, म्हणून काही शाळा 'आधी या, वर्ग सुरू करा, कागद होत राहतील' म्हणतात. तिथे जाऊन व्हिसाचा प्रकार बदलून घेण्याची सोय आहे, पण परमिट हातात येईपर्यंत वर्गात उभं राहू नका. विनापरवाना काम करताना सापडलेल्या परदेशी माणसाला ५,००० ते ५०,००० बाट दंड आणि देशाबाहेर रवानगी, वर दोन वर्षं नवं परमिट नाही. शाळाही दंड भरते, पण शाळेला देश सोडावा लागत नाही.

परमिटवर शाळेचं नाव असतं. संध्याकाळी दुसऱ्या क्लासमध्ये शिकवायचं तर त्याची नोंद वेगळी करावी लागते. नोकरी सोडली की परमिट आणि मुक्काम, दोन्हींचा आधार जातो. म्हणून राजीनामा देण्याआधी नव्या शाळेचे कागद तयार ठेवा आणि शेवटची तारीख दोन्ही शाळांशी बोलून ठरवा.

पोचल्यावर

दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो. हे व्हिसा वाढवण्यापेक्षा वेगळं काम आहे. फोनमध्ये आठवण लावून ठेवा. मूळ पदवी शाळेकडे ठेवायला देऊ नका. दाखवा, स्कॅन द्या, परत घ्या.

आणि ऑक्टोबरची सुट्टी. पहिलं सत्र संपून दुसरं सुरू होईपर्यंत मिळणारे दिवस बऱ्याच वर्षी दसरा-दिवाळीच्या आसपास येतात आणि घरी यायचा मोह होतोच. निघण्याआधी री-एंट्री परमिट घ्या: एका फेरीला १,००० बाट, अनेक फेऱ्यांना ३,८००. ते न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं की वाढवून घेतलेला मुक्काम तिथेच संपतो आणि परतण्यासाठी पुन्हा नवा व्हिसा काढावा लागतो. विमानतळावरही हे परमिट मिळण्याची सोय आहे, पण रांग आणि सुटायला आलेलं विमान यांचा भरवसा धरू नका. आदल्या आठवड्यात इमिग्रेशन कार्यालयातून घेऊन ठेवा.